गव्हाण थांबली की कोयताही थांबावा

अफजलपूर तालुक्यातल्या करजगी भागात मी एका साखर कारखान्याचा फिल्डमन होतो. भीमेच्या पाण्यावर वाढलेला हा ऊस. शेतकरी कन्नड बोलणारा, तोडणीची टोळी मराठी, आणि निरोपाची ने-आण माझ्याकडे.

लागणीच्या नोंदी अन् तोडीचा क्रम शेतकी खात्याचा, गाड्या वाहतूक विभागाच्या, यार्ड काट्यावरच्या लोकांचं, गाळप इंजिनिअर आणि केमिस्टचं. प्रत्येक जण आपलं काम चोख करायचा. तरीही ऊस अडायचा.

एका जानेवारीत बॉयलरची नळी फुटली. कारखान्यात ते संध्याकाळीच कळलं. आमच्या गट ऑफिसला कळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता, टोळ्यांनी फड तोडून गाड्या भरल्या होत्या. यार्डाबाहेर रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत, म्हणजे गाळपाकडे नेणाऱ्या पट्ट्यावर, पडायला हवा. नाहीतर तो वाळून वजन घटतं आणि आतली साखरही मोडू लागते. टोळीची मजुरी टनावर, त्यामुळे गाडी रिकामी होऊन परत येईपर्यंत बायका-माणसं खोपीपाशी बसून राहिली. त्यांच्या बुडालेल्या दिवसाची नोंद कुठल्याच विभागाच्या वहीत नव्हती, याचा मला आजही संताप येतो.

ऊस वाळला की उताराही, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाणही, घसरतो. हा आकडा प्रयोगशाळेतला वाटतो, पण तो शेतकऱ्याच्या खिशाशी बांधलेला आहे. 2024-25 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, होती. त्यापुढे प्रत्येक 0.1 टक्क्याला 3 रुपये 32 पैसे वाढ, आणि उतारा खाली आला तर 9.5 टक्क्यांपर्यंत तेवढीच कपात.

त्या खोळंब्यानंतर रोज संध्याकाळी चारही विभाग एका टेबलाशी बसू लागले. यार्डात शिल्लक किती, उद्या गाळप किती, त्यावरून गटवार तोड ठरायची. संगणक आणि काट्याची छापील पावती आधीपासून होतीच. खरा फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीनं: यार्डातून एक फोन आला की फडावर गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या चिटबॉयला तोड थांबवण्याचा अधिकार मिळाला. त्यासाठी साहेबांची सही लागेना. रांगा आखडल्या, टोळ्यांचे खाडे कमी झाले.

करजगीकडच्या ऊसवाल्यांना माझं सांगणं एवढंच: तोड आली की फडात कोयता लागण्याआधी गट ऑफिसला फोन करा आणि यार्डात किती गाड्या उभ्या आहेत ते विचारा.