शहाणी गाडी आणि हौशी गाडी

सेवानिवृत्त मनुष्याने मोटार घ्यायची म्हटले, की व्यवहार आणि हौस यांचा जुना तंटा पुन्हा उभा राहतो. व्यवहार १९९९ साली आलेल्या वॅगन-आरकडे बोट दाखवितो: छत उंच, बैठक खुर्चीसारखी, फारसे न वाकता आत शिरावे. हौस मात्र २०१० साली अवतरलेल्या थारपाशी घुटमळते. तिची पायरी उंच. तीनदारी थारला तर मागल्यांसाठी बाजूची दारेच नाहीत. पण चारही चाकांना जोर देऊन ती चिखलातून वाट काढते. उभा जन्म शहाणपणाच्या चाकरीत गेलेला. आता गुडघे किती दिवस साथ देतील, कोण सांगणार? म्हणून मी म्हणतो, पतिपत्नींनी दोघांनीही ती पायरी चढून पाहावी. दोघांना चढवली, तर थारच घ्यावी. वॅगन-आरला वय कधीच आडवे येत नाही.