तोलामोलाचा सामना

‘तोलामोलाचं’ हा शब्द आपल्या तोंडात किती वेळा येतो पाहा! सोयरीक तोलामोलाची हवी, आहेर तोलामोलाचा हवा, शेजारसुद्धा तोलामोलाचा मिळाला तर बरं. पण दोन बाजू मुळीच तोलामोलाच्या नाहीत हे पुरतं ठाऊक असताना कुणी मुद्दाम त्यांची गाठ घालून द्यावी का? हा प्रश्न माझ्यापुढे आला तो थेट अमेरिकेतून, आणि तोही हॉकीच्या निमित्तानं!

माझ्या थोरल्या नणंदबाई न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात राहतात. तिकडे नुसतं हॉकी म्हटलं की ती बर्फावरची. आपल्या ध्यानचंदांची हिरवळीवरची नव्हे. पायांत पात्यांचे बूट, आणि चेंडूऐवजी ‘पक’ म्हणजे तीन इंच रुंद, एक इंच जाड अशी रबराची टणक चकती. वन्संची मुलगी एका लहानशा कॉलेजच्या संघात गोलकीपर आहे. गोलाची चौकट सहा फूट रुंद, चार फूट उंच. आपला दिवाण कडेवर उभा केला तर होईल साधारण तेवढी. ती अडवून आमची भाची उभी असते, अंगावर एवढाले चिलखतासारखे गाद्यागिरद्यांचे पट्टे बांधून.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर वन्संचा फोन आला. आवाज रडवेला. “अगं, आमच्या पोरींची मॅच पहिल्या डिव्हिजनच्या कॉलेजशी ठरवलीय. दहा-दहा गोल खातील बिचाऱ्या! तू शाळेत शिकवतेस ना? सांग, शिक्षकांना एवढं कळू नये?”

मी शिकवते मराठी आणि इतिहास, तेही अर्धवेळ. हॉकीतलं मला काय कळणार? पण रविवारी व्हिडिओवर भाची भेटते, तेव्हा तिलाच विचारून घेतलं. कॉलेजच्या खेळांच्या तिथे तीन श्रेण्या. पहिल्या श्रेणीतली बहुतेक कॉलेजं खेळाडूंना खेळासाठी शिष्यवृत्ती देतात. तिसऱ्या श्रेणीत खेळापायी एक पैसाही द्यायला बंदी. मुलंमुली अभ्यास सांभाळून हौसेनं खेळतात. हॉकीत मधल्या श्रेणीची राष्ट्रीय स्पर्धाच नाही, त्यामुळे खरी दरी पहिली आणि तिसरी यांच्यात. पहिल्या श्रेणीत पुरुषांचे संघ साठाहून थोडे अधिक, मुलींचे चाळिसाहून थोडे अधिक. म्हणजे मोठ्यांचं जगही तसं चिमुकलंच!

मग मोठ्यांना लहानांशी खेळायची गरज काय? इथेच खरी मेख आहे. नाताळच्या सुट्टीत अंग जड झालेलं असतं, ते मोकळं करायला एक सोपा सामना हवा असतो. काही संघांची अडचण निराळीच. अलास्कातली दोन विद्यापीठं घ्या. त्यांचे पुरुषांचे संघ २०२१ नंतर कुठल्याच लीगमध्ये नव्हते, मग वेळापत्रकातल्या रिकाम्या तारखा भरायच्या कशा? इतक्या लांब कोण येणार? म्हणून नियमातच सोय ठेवली आहे, की अलास्कात जाऊन खेळलेले सामने पाहुण्या संघाच्या हंगामाच्या ठरावीक संख्येत धरायचे नाहीत. लांबच्या माहेरवाशिणीला चार दिवस जास्तीची रजा द्यावी तसं!

आणि गुणांचा हिशेब तर ऐकाच. पुरुषांच्या हॉकीत बरीच वर्षं जी पद्धत होती, तीत स्वतःच्या जयपराजयाला वजन अवघं २५ टक्के. उरलेले ७५ टक्के कशावर, तर तुमचे प्रतिस्पर्धी किती जिंकले, आणि त्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रतिस्पर्धी किती जिंकले, यावर. त्यामुळे आपल्याच श्रेणीतल्या एखाद्या दुबळ्या संघाला हरवलं तरी सरासरी खाली यायची! जिंकून नंबर घसरणार, म्हणजे कमालच. शेवटी असे विजय हिशेबातून वगळायची तरतूद करावी लागली. तिसऱ्या श्रेणीशी खेळलेला सामना मात्र निवडीच्या हिशेबात मुळी धरतच नाहीत. म्हणजे पाहा, घरच्या गरीब भावाशी जेवायला बसायचं जिवावर येतं, पण वाटेवरचा पाहुणा चालतो, कारण त्याच्या पानाचा खर्च वहीत चढत नाही! मला तर हे ऐकून हसू आलं.

बरं, लहानांना यातून काय मिळतं? कधी करारात ठरलेली थोडी रक्कम, मोठ्या स्टेडियममध्ये खेळण्याची अपूर्वाई, आणि कुठेतरी मनात, की आपणही एक दिवस वर जाऊ. ते अगदीच स्वप्न नाही बरं का! रॉचेस्टरमधल्या आर. आय. टी. या संस्थेच्या मुलींनी २०१२ साली तिसऱ्या श्रेणीचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं आणि पुढच्याच हंगामात पहिल्या श्रेणीत पाऊल टाकलं. २०१४ आणि २०१५ अशी दोन्ही वर्षं त्यांनी आपल्या लीगची स्पर्धा जिंकली. पुरुषांत स्केनेक्टडीचं युनियन कॉलेज आहे. विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास, बाकी सगळे खेळ तिसऱ्या श्रेणीत, आणि तेव्हा खेळासाठी शिष्यवृत्ती नव्हती. त्यांनी २०१४ च्या अंतिम सामन्यात मिनेसोटा विद्यापीठासारख्या बलाढ्य संघाला ७-४ असं हरवलं. पण वन्संना मी ही उदाहरणं सांगितली नाहीत. युनियनला वरच्या श्रेणीत येऊन तेव्हा वीसहून अधिक वर्षं झाली होती. वर्षानुवर्षं तयारी करून वर जाणं वेगळं आणि एका संध्याकाळी जाऊन मार खाऊन येणं वेगळं. कुणी तिचं समाधान करायला हे दाखले देऊ लागलं तर आईनं ऐकू नये, असंच मला वाटतं.

मला पटलं ते भाचीचं बोलणं. ती म्हणाली, “मामी, आमच्या लीगमध्ये माझ्याकडे एका मॅचला वीस-बावीस फटके येतात. तिथे पन्नास येतील. मला ते हवेत.” शिवाय त्यांच्या बाईंनी मुलींना एकत्र बसवून विचारलं होतं. दोघी नको म्हणाल्या, त्यांना त्या दिवशी खेळवायचं नाही असं ठरलं, कुणी त्यांना भित्र्या म्हटलं नाही. मुलींच्या खेळात मुद्दाम अंगावर आदळायला मनाई असते, हीही एक जमेची बाजू. मी वन्संना म्हटलं, “पोरींनी स्वतः हो म्हटलंय ना? मग खेळू द्या.” त्यांना ते आवडलं नाही. दोन रविवार फोन आला नाही.

सामना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाला. आपल्याकडे पहाटेचे साडेचार. गॅसवर दुधाचं पातेलं आणि समोर टेकून ठेवलेला मोबाइल, अशी मी उभी. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. पहिल्यात दोनच गोल झाले, मला वाटलं चला, निभावलं! दुसऱ्यात मात्र पाच. सहावा गोल पाहिला नाही, दूध उतू गेलं. तिसऱ्या डावात समोरच्या बाईंनी आपल्या पहिल्या फळीच्या मुली बाकावर बसवल्या, राखीव पोरींना आत सोडलं. हे मला फार आवडलं. त्या डावात एकच गोल झाला. आठ-शून्य! वन्संनी आठ गोल मोजले. भाचीनं मोजले ते अडवलेले सत्तेचाळीस.

माझी तक्रार आहे ती या आकड्याबद्दल नाही, तारखेबद्दल आहे. तो दिवस मोठ्यांच्या सोयीचा होता. लहान कॉलेजचं वसतिगृह तेव्हा बंद, खानावळ बंद. सामन्यासाठी मुलींनी सुट्टी आठवडाभर आधी आटोपून यायचं, पण राहायचं कुठे, जेवायचं काय? दोन्ही कॉलेजांपैकी कुणीच याचा विचार केला नव्हता. शेवटी ज्या आया सामन्याला नको म्हणत होत्या, त्यांनीच पोरी वाटून घेतल्या. वन्संकडे सहाजणी होत्या. पाच दिवस बटाट्याचे पराठे आणि खिचडी. एक मुलगी मैदा खात नाही, एक दूध घेत नाही, आणि सगळ्याजणींची भूक अशी की तव्यावरून पोळी उतरायची फुरसत नाही! दुबळ्या बाजूला जास्त लागतं ते असं, मैदानाबाहेर. मैदानावर हरायला त्या तयारच होत्या.

यंदा पुन्हा बोलावणं आलंय. मुलींनी होकार दिला आहे, मागच्या दोघींपैकी एकीनंही. पण या वेळी त्यांच्या बाईंनी उलट पत्र धाडलं आहे, की तारीख वसतिगृह उघडल्यानंतरची द्या, नाही तर मुलींच्या राहण्याजेवणाचा खर्च करारात लिहा. उत्तर अजून आलेलं नाही. वन्संनी मात्र परवाच मला विचारलं, एका वेळी वीस पराठ्यांची कणीक आदल्या रात्री मळून ठेवली तर काळी पडते का? तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, म्हटलं.