शेक की भरीत?

जळगावला निघताना सॅकमध्ये मील-शेकचे सॅशे होतेच. दोन मिनिटांत प्रोटीन, व्हिटॅमिन्स, मोजून-मापून कॅलरीज. डेडलाइनवाल्या पब्लिकला आणखी काय हवं?

पण हिवाळ्यातल्या खान्देशात शेतावरच्या भरीत पार्टीला नाही कोण म्हणणार! २०१६ मध्ये जीआय मिळालेली इथली हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत कमी असलेलं लायसिन त्यातला उडीद भरून काढतो, शिवाय भरपूर फायबर. आणि पंगतीत गप्पा!

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या एसटीत जेवण चुकलं, तेव्हा शेकच कामी आला. मात्र तासाभरात पुन्हा भूक. चावणंच नाही, तर पोट भरल्यासारखं वाटणार कसं?

तेव्हा बॉस, घाईत शेक चालेल. रोजच्या जेवणाला पर्याय म्हणून नको.