बोरन्हाणाची लूट

जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की हैदराबादेत आबिड्सहून मोअज्जम जाही मार्केटकडे जाताना हातगाड्यांवर बोरांचे ढीग दिसू लागतात. तेलुगू बाई त्यांना ‘रेगी पळ्ळु’ म्हणते, दखनी बोलणारी ‘बेर’ आणि मराठी आजी ‘बोरं’. गाडीवाला तिन्ही नावांना ओ देतो.

भोगीच्या दिवशी तेलुगू घरात लेकराला पाटावर बसवून बोरं, उसाचे तुकडे, फुलांच्या पाकळ्या आणि चिल्लर डोक्यावरून ओवाळून ओततात. हे ‘भोगी पळ्ळु’. मग संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मराठी शेजारणीकडे बोरन्हाण: काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि चुरमुरे, बोरं, ऊस, ओला हरभरा, शेंगा यांचा पाऊस. बाळ भांबावून बघत राहतं. खरा सोहळा भोवतीच्या पोरांचा. फ्रॉकचा ओचा धरून, गुडघ्यांवर रांगत, एकमेकांच्या हाताखालून ती वेचत सुटतात. हाताला काय लागलं यापेक्षा ते आपण पटकावलं, याचाच आनंद मोठा.

अलीकडे या पावसात चॉकलेटं आणि जेलीच्या गोळ्या पडतात. निघताना हाती येते ती भेटीची पिशवीही त्याच मालाची. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं, तेव्हा त्यामागचं कारणही दिलं होतं: ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के साखरेतून येतात, यायला हवेत फार तर ५ टक्के.

पर्याय शोधायला लांब जावं लागत नाही. तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, १९५८ पासून हैदराबादेत. भारतीय अन्नघटकांचे तिचे तक्ते चाळले तर आजीची जुनी टोपली फार शहाणी वाटू लागते. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक ‘क’ जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या चौपटीहून जास्त. हैदराबादेत पेरूला जाम म्हणतात, आणि पेरूच्या दिवसांत गल्लीगल्लीत ती हाक ऐकू येते. सालासकट तिळात तेवढ्याच वजनामागे हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम. तिळगूळ मात्र बेतानेच द्यावा. गूळ झाला तरी ती साखरच, आणि काटेरी हलवा तर साखरेचाच. एकेक वडी पुरे.

आणखी एक काळजी हवीच. बोराची बी, सोललेला शेंगदाणा, कडक गोळी हे सारं तान्ह्या घशात अडकू शकतं. बोरन्हाण ज्याचं, तो तर बहुधा पाच वर्षांच्या आतला. त्याच्या वाटीत बिया काढून बारीक केलेला पिकला पेरू किंवा कुस्करलेलं केळं असावं. शेंगा, बोरं, उसाचे करवे मोठ्यांच्या ओच्यात जाऊ द्यावेत, आणि वेचून झालं की पोरांना बसवूनच खायला घालावं.

मग भेटीच्या पिशवीत काय? त्याचं उत्तर आबिड्सच्याच फुटपाथवर आहे. रविवारी दुकानं बंद असतात आणि उतरलेल्या शटरांपुढे जुन्या पुस्तकांचे ढीग मांडले जातात. दोन्ही गुडघे टेकून, मान वाकडी करून माणसं तासन्‌तास तिथे वेचत असतात, बोरन्हाणाच्या पोरांसारखीच. चित्रांची पुस्तकं, कोड्यांच्या वह्या, अमर चित्रकथेचे सुटे अंक. एका चॉकलेटच्या डब्याच्या पैशांत पाच-सहा मुलांच्या पिशव्या भरतात. आणि नशीब जोरावर असेल तर ढिगाच्या तळाशी जुना ‘चांदोबा’ सापडतो. १९४७ मध्ये मद्रासेत तेलुगू आणि तमिळमधून निघालेल्या ‘चंदमामा’चं ते मराठी भावंड. तेलुगू अंकही हाती आला तर दोन्ही घ्यावेत: एक घरच्या पिशवीत, एक शेजारच्या. वेताळ दोन्हींत त्याच झाडावर लटकलेला असतो, आणि विक्रम पुन्हा त्याला खांद्यावर घेऊन निघालेला.