मावशींचं गाव

अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतीत मी वाढलो. वडील कोयना प्रकल्पात नोकरीला. आई कायम आजारी, त्यामुळे मला न्हाऊमाखू घातलं, परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठवून चहा दिला तो आमचं घर सांभाळणाऱ्या मावशींनी. त्या घाटावरच्या, जावळीकडच्या. गावाचा विषय निघाला की एवढंच म्हणायच्या, "खालचं पाण्यात ग्येलं, वरचं रानात ग्येलं."

त्या गेल्यावर त्यांच्या मुलाबरोबर, दादाबरोबर, मी ते गाव पाहायला गेलो. बामणोलीहून लाँच निघाली. मे महिना, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी बरंच खाली गेलेलं, काठाला तांबड्या मातीचा उघडा पट्टा. दादा बोटानं दाखवत होता: इथं आमची भाताची खाचरं, तिथं नदीचा उतार. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढलं तशी माणसं कुणी कुलाबा जिल्ह्यात, कुणी ठाण्याकडे, कुणी सोलापूरकडे पांगली. मावशींचं घर मात्र वर सरकलं. डोंगराच्या अंगावर पुन्हा जोतं घातलं, वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवली. 1985 साली खोरं अभयारण्य झालं आणि पुढं तीही वस्ती उठली.

कारवीतून चढून आम्ही तिथं पोचलो. जोती शाबूत होती. दादा त्यांवरून चालत घर वाचत गेला: ही पडवी, हे माजघर, इथं चूल, इथं माझा जन्म. जमिनीत पुरलेलं दगडी उखळ तसंच होतं. वाशे-कौलं माणसांनी बरोबर नेली, उखळ कोण उपटणार? मी त्यात हात घातला. मावशींच्या तळहाताचे घट्टे मला लहानपणापासून माहीत होते. ते इथं पडले होते. मागच्या फणसाला बुंध्यापासून फळं लगडली होती, दादाच्या आजोबांनी लावलेलं झाड. दादा एक उतरवायला गेला, तर सोबतचा वनरक्षक अवघडून म्हणाला, "नाही हो दादा, इथलं काही नेता येत नाही." दादानं हात मागे घेतला. तो वनरक्षक नियमच पाळत होता, पण मला ते बघवलं नाही.

कारण या खोऱ्यातून आम्ही किती नेलं! हेच पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं. 1962 साली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात त्यावर वीज तयार होऊ लागली. आमचं घर चाललं ते त्या पाण्यावर; ज्या दिव्याखाली मी शिकलो तो त्याच विजेचा. आमची वाशिष्ठी नदी भर उन्हाळ्यात वाहते तीही वीजगृहातून सुटलेल्या याच पाण्यामुळे. आणि ज्या बाईची जमीन त्याच्या तळाशी होती, तीच मला अभ्यासाला उठवत होती. हे देणं मावशींचं, आणि त्यांच्या सबंध खोऱ्याचं.

महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 साली झाला, कोयनेचं पाणी चढून गेल्यावर. पर्यायी जमिनीसाठी कोयनेच्या धरणग्रस्तांना 2018 सालीही कोयनानगरला ठिय्या द्यावा लागला. त्यांची दुसरी-तिसरी पिढी अजून सातबाऱ्यासाठी हेलपाटे घालते आहे. कोयनेच्या विजेवर मोठे झालेल्या माझ्यासारख्यांनो, पुन्हा ते ठिय्याला बसतील तेव्हा त्यांच्या शेजारी जाऊन बसा.