उन्हात बसणारं शहर

रत्नागिरीच्या माणसाला वसंत आला हे कुणी सांगावं लागत नाही. माघ सरता सरता हवा दमट होते, मोहोराचा वास घरभर फिरतो आणि दुपारी पडवीबाहेर पाऊल टाकायचं कुणी नाव काढत नाही. ऋतू पालटला की सावली धरायची, हीच आमची रीत. त्यामुळे फेब्रुवारीत दिल्लीला गेले आणि पहिल्याच रविवारी सुंदर नर्सरीत जे पाहिलं त्याने थक्क झाले. ऐन बारा वाजता शेकडो माणसं मुद्दाम उन्हात बसली होती, आणि झाडांखालची सावली ओस पडली होती.

"ताई, तिकडे कुठे बसताय? गारठाल! इकडे उन्हात या," वहिनीने हाक मारली. ती पहाडगंजच्या मराठी वस्तीत वाढलेली, तिला यात नवल काही नव्हतं. मी मात्र बघतच राहिले. हिरवळीवर चटईला चटई लागलेली. आजोबा उन्हाकडे पाठ करून डोळे मिटून बसलेले, बायका किन्नू सोलून त्यावर काळं मीठ भुरभुरवतायत, पोरांचं बॅडमिंटन, डब्यांतून निघणारे मेथीचे पराठे आणि गाजराचा हलवा. परतताना रस्त्याच्या कडेला निखाऱ्यांवर रताळी भाजली जात होती. फोडी करून, मसाला आणि लिंबू मारून द्रोणात देतात. आपल्याकडे रताळ्याची आठवण एकादशीला होते. इथे थंडीच्या दिवसांत ते रोजचं खाणं आहे.

या ऊन खाण्यामागचं कारण समजायला दिल्लीची थंडी समजून घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत धुकं आणि धूर मिळून सूर्य झाकून टाकतात, आणि एप्रिल अर्धा झाला की अंग भाजणारा उन्हाळा दारात येतो. या दोहोंच्या फटीत जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. दिल्लीकर ते वाया जाऊ देत नाहीत. मला या शहराचं सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते याचंच. ज्यांना सुख थोडं मिळतं ती माणसं ते किती मनापासून घेतात!

सुंदर नर्सरी ही मुळात खरोखरीची रोपवाटिका. इंग्रजांनी नवी राजधानी वसवायला घेतली तेव्हा तिच्या रस्त्यांसाठी आणि बागांसाठी इथे रोपं वाढवून पाहिली जात. मध्यंतरी तिची रया गेली होती. आगा खान संस्कृती न्यासाने कित्येक वर्षं खपून ती सावरली, आणि 2018च्या फेब्रुवारीत नव्वद एकरांची ही बाग लोकांसाठी खुली झाली. हुमायूनच्या मकबऱ्याला लागून असलेल्या या जागेत सोळाव्या शतकातल्या घुमटांपुढे लोक डबा खातात, आणि त्या घुमटांचा आब कुठे कमी होत नाही.

मला खरं वेड लावलं ते झाडांनी. इथे पानगळ आणि पालवी हातात हात घालून येतात. वहिनीच्या गल्लीत एक पिलखन आहे, वडापिंपळाच्या कुळातलं. एका सकाळी ते पिवळं पडून गळत होतं, आणि चार दिवसांनी पाहते तो त्याच्या अंगावर तांबूस, ओलसर चमकीची कोवळी पानं. रस्त्यावर वाळलेल्या पानांचा खच आणि वर तांब्याची झळाळी! पुढे मार्चमध्ये कडुलिंबही हेच करतो. दिल्लीची झाडं ओळखायची तर प्रदीप कृष्ण यांचं 2006 साली आलेलं इंग्रजी पुस्तक बरोबर ठेवावं. या शहराकडे वर बघायला त्याने पुष्कळांना शिकवलं आहे.

आणि सावर! आंबा घाटात जिला पाहत आले ती काटेसावर ऐन राजधानीच्या गर्दीत, सिग्नलच्या पलीकडे, एकही पान नसलेली आणि लाल फुलांनी लगडलेली दिसली तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. इथे तिला सेमल म्हणतात. फुलात भरपूर मध, म्हणून मैना, बुलबुल, कावळे, खारी यांची सकाळपासून झुंबड. जाड पाकळ्यांचं फूल खाली पडतं तेव्हा चक्क धप्प आवाज होतो.

याउलट चाणक्यपुरीतल्या शांतिपथावरचे ट्युलिप. नवी दिल्ली नगरपालिका हॉलंडहून कंद मागवते, डिसेंबरात ते लावले जातात आणि फेब्रुवारीत लाल, पिवळ्या, पांढऱ्या रांगा उभ्या राहतात. या कंदांना फुलण्याआधी दीर्घ गारठा लागतो. दिल्लीच्या मातीत तो पुरेसा मिळत नाही, त्यामुळे तोच कंद पुढच्या वर्षी इथे तसा फुलत नाही. गाड्या थांबवून माणसं फोटो काढतात, मीही काढले. फुलं देखणी आहेत यात शंका नाही. पण कुणी न विचारता फुलणारी सावर मला शंभर पटींनी जवळची वाटते.

राष्ट्रपती भवनाच्या मागची बाग, पूर्वीची मुघल गार्डन, जानेवारी 2023 पासून अमृत उद्यान म्हणतात ती, मात्र चुकवू नये. पंधरा एकरांचा पसारा. आखणी एडविन ल्युटेन्सची, पण फुलझाडांचा जाणकार होता विल्यम मस्टो. एकमेकांना छेदणारे पाण्याचे पाट, कमळाच्या आकाराची लाल दगडातली कारंजी आणि गुलाबांचे ताटवे. फुकट प्रवेश, म्हणून खेड्यापाड्यांतून बसेस भरून माणसं येतात. डोक्यावर पदर घेतलेल्या एक आजी गुलाबापाशी वाकून वास घेत होत्या. देशाच्या राष्ट्रपतींच्या अंगणात त्या अगदी हक्काने उभ्या होत्या. ते पाहून मला फार बरं वाटलं.

सुंदर नर्सरीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, हजरत निजामुद्दीनांचा दर्गा. वसंत पंचमीच्या सुमारास इथे पिवळी वस्त्रं, मोहरीच्या फुलांचे गुच्छ आणि कव्वाली असा सोहळा होतो. सांगतात ते असं: भाचा गेल्यामुळे निजामुद्दीन खचले होते, हसणं विसरले होते. अमीर खुस्रोने पिवळी फुलं घेऊन देवळाकडे निघालेल्या बायका पाहिल्या, आणि स्वतः तसाच पिवळा वेश करून गात गुरूसमोर उभा राहिला. गुरू हसले. गुरू-शिष्य दोघेही 1325 साली गेले, सोहळा अजून चालतो.

मराठी माणसाने तालकटोऱ्याला पाय लावल्याशिवाय परत फिरू नये. आज तिथे फुलांनी भरलेली बाग आहे. 1737च्या मार्चअखेरीस, रामनवमीच्या दिवसांत, पहिला बाजीराव मुघल फौजांना हुलकावणी देत अचानक दिल्लीवर येऊन ठेपला. आधी कालकाजीची जत्रा गाठली, मग याच परिसरात तळ पडला, आणि चालून आलेल्या बादशाही फौजेला मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्या तुकड्यांनी पिटाळलं. शहर जाळायचं नाही असं बाजीरावाने ठरवलं. फुलांच्या वाफ्यांशेजारी उभं राहून हे आठवताना अंगावर काटा येतो. त्याच तालकटोऱ्याच्या स्टेडियममध्ये 2025च्या फेब्रुवारीत, 21 ते 23 तारखांना, डॉ. तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली 98वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याआधी दिल्लीने संमेलन पाहिलं होतं ते 1954 साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष असताना.

जुन्या दिल्लीतली दौलत की चाट होळीच्या आत खाऊन घ्यावी. रात्रभर गार ठेवलेलं दूध पहाटे घुसळून काढलेला फेस, वर केशर, खवा, साखर. ऊन तापलं की तो फेस टिकत नाही, म्हणून उन्हाळ्यात ती मिळत नाही.

एक दिवस गुरुग्रामपलीकडच्या सुलतानपूरला द्यावा. वाटेत मोहरीची शेतं लागतात. फोडणीपुरती मोहरी ठाऊक असलेल्या मला क्षितिजापर्यंत पिवळा रंग पाहून बोलणंच सुचेना. 1991 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या आणि 2021 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेल्या या तळ्यावर पट्टकदंब हंस थंडी काढतात आणि मार्चमध्ये हिमालय ओलांडून मध्य आशियाकडे निघतात. काठावरच्या मनोऱ्यावर दुर्बिणीसाठी लहान-मोठ्यांची रांग लागलेली असते.

यायचं तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याचं तिकीट काढा. ट्युलिप अजून उभे असतात, सावरीची फुलं लागलेली असतात, हंसही बहुधा गेलेले नसतात. स्वेटर आणा, सकाळी लागतोच. अमृत उद्यानाची नोंदणी घरूनच ऑनलाइन करून ठेवा. ते सोमवारी बंद असतं, आणि सुलतानपूर मंगळवारी.