हात, चिमटा आणि सरड्याची भूक

पाळीव सरड्याचे भोजनसमयीचे वर्तन हे केवळ त्याच्या भुकेचे माप नसते. भूक, शरीराचे तापमान आणि पाळणाऱ्याच्या हालचालींवरून त्या प्राण्याने बांधलेला अंदाज, या तिन्हींतून ते घडत जाते. म्हणूनच काचेवर पंजे ओढणे, हातावर झेप घेणे किंवा पाला न हुंगताच तोंड फिरवणे या तक्रारींचे मूळ बहुधा सरड्याच्या स्वभावात नव्हे, तर त्याला जेवू घालण्याच्या पद्धतीत सापडते. प्रस्तुत लेखिकेने सिडनी येथील वास्तव्यात एक दाढीवाला सरडा सांभाळला आणि पहिल्या वर्षातील जवळपास सर्व चुका स्वतःच केल्या, त्या अनुभवाची मांडणी येथे केली आहे.

दाढीवाला सरडा (पोगोना व्हिटिसेप्स) हा मध्य ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशातला प्राणी असून महाराष्ट्रात कुंपणावर दिसणाऱ्या बागसरड्याच्याच कुळातला आहे. गळ्याखालची काटेरी त्वचा फुगवून ती काळी करण्याच्या सवयीवरून त्याला हे नाव मिळाले. ऑस्ट्रेलियातून देशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीस बंदी आहे, तर न्यू साउथ वेल्स राज्यात ते घरी पाळण्यासाठी शासकीय परवाना घ्यावा लागतो व रानातून पकडून आणण्यास मनाई आहे. त्यामुळे लेखिकेकडे आलेली पिल्लेही परवानाधारकाकडे बंदिस्त अवस्थेतच जन्मलेली होती.

पिल्ले प्रथम दोन होती, कारण एकटे पिल्लू उदास राहते असे विक्रेत्याने सांगितले होते. वास्तविक हे सरडे एकलकोंडे असतात आणि खाद्याची वाटी पुढे येताच त्यांच्यातील उतरंड उघड होते: बलवान पिल्लू मान झटक्याने वरखाली करते, तर दुबळे एक पुढचा पाय उचलून संथपणे गोल फिरवते. पाहुण्यांना हा नमस्कार वाटे. प्रत्यक्षात ती शरणागतीची खूण होती. तिसऱ्या आठवड्यात, एकाच रातकिड्यावर दोघांनी झडप घातली असता धाकट्याच्या बोटाचा शेंडा तुटला. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा येते तसे या सरड्याच्या बाबतीत होत नाही; त्याचे बोट वा शेपटी एकदा गेली की गेलीच. धाकट्याची रवानगी दुसऱ्या परवानाधारकाकडे झाली आणि घरी एकच सरडा राहिला.

त्यानंतर उद्भवलेली अडचण मात्र पूर्णपणे मानवनिर्मित होती. लेखिका कामावरून परतल्यावर रोज सायंकाळी सात वाजता बोटांच्या चिमटीत रातकिडे धरून भरवीत असे. दोनेक महिन्यांत सरडा दाराचा आवाज होताच काचेकडे धावू लागला, रिकाम्या हातावरही झेपावू लागला, आणि एकदा तर्जनीला चावला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण येथे काचेपर्यंत अशी वाचावी लागत होती. फरक एवढाच की धाव घेण्यास त्याला लेखिकेनेच शिकवले होते. सरडे असे शिकतात यात नवल नाही: 2014 मध्ये प्रकाशित झालेल्या, इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांच्या प्रयोगात, प्रशिक्षित सरड्याने जाळीचे दार सरकवलेले पाहिल्यावर इतर दाढीवाल्या सरड्यांनीही तीच कृती करून दाखवली होती.

या पद्धतीत तीन दोष एकत्र आले होते. पहिला वेळेचा: सरड्याचे शरीर बाहेरील उष्णतेवर चालते, अन्नपचनासाठी त्याला सुमारे 40 अंश सेल्सिअस तापमानाच्या जागी शेकत बसावे लागते, आणि आठ वाजता दिवा मालवला की पोटातले अन्न तसेच पडून राहते. दुसरा हाताचा: हात आणि अन्न यांत भेद करण्याची संधीच त्याला मिळत नव्हती. तिसरा क्रमाचा: आधी किडे मिळाल्यावर पाल्याकडे वळण्याचे त्याला कारण उरत नसे, हे विशेष घातक होते, कारण पिल्लांना प्रामुख्याने कीटक लागत असले तरी प्रौढ सरड्याच्या आहारात पालाच अधिक असावा लागतो.

सुधारणा याच क्रमाने झाली. दिवा लागल्यानंतर तासभर शेकून झाल्यावर सकाळीच बारीक चिरलेला पाला व किसलेला लाल भोपळा ठेवला जाऊ लागला. किडे मागाहून, तेही मऊ टोकाच्या लांब चिमट्याने आणि समोर पिवळे झाकण धरल्यावरच. एखादी ठरावीक खूण आणि अन्न यांची अशी सांगड घालण्यास लक्ष्य-प्रशिक्षण म्हणतात; झाकण नाही तर जेवण नाही, हे सरड्याला साधारण पाच आठवड्यांत उमगले. दिवसातून एकदा हात रिकामाच आत जाई, काही क्षण स्थिर राही आणि बाहेर येई. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा, त्याला आदल्या दिवशी सकस खाद्य दिलेले असावे, त्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरावी आणि न खाल्लेले रातकिडे तत्काळ काढून घ्यावेत, कारण उपाशी रातकिडा झोपलेल्या सरड्यालाच कुरतडतो, हे नियमही त्याच काळात पाळले जाऊ लागले.

जूनमध्ये तेथील हिवाळा सुरू होताच सरड्याने खाणे जवळजवळ सोडले, तेव्हा लेखिकेने पुन्हा हाताने भरवण्याचा मोह आवरला. प्रौढ सरड्यात ही हंगामी सुस्ती स्वाभाविक असते. तथापि आजारातही भूक मंदावते, म्हणून दर आठवड्याला वजन करण्यात आले आणि पशुवैद्याकडून विष्ठेची तपासणीही झाली. वजन टिकून होते, जंत आढळले नाहीत, आणि ऑगस्टअखेर सरडा आपणहून पाल्याच्या वाटीकडे आला.

मराठीत रंग बदलणाऱ्या माणसाला सरडा म्हणतात. जेवणाच्या वेळी दाढी काळी करणारा खरा सरडा मात्र आपली अस्वस्थता लपवीत नाही. ती वाचून घेण्याआधी त्याला आक्रमक ठरवणे, ही पाळणाऱ्याची चूक होय.